शिवणखोली कोणाची, त्याबद्दल

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा शिवणकाम व शिवणवर्ग, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, त्याचे ऑपरेशन गुरुवारी आहे. हे मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक दाखवणारा नवरा होता, तो वारला. अक्षराला हसू नये.

कलम एक. वरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव मुलाला. तो एकुलता एक. वाईट नाही, उतावळा आहे. ते माझ्याकडूनच आले.

कलम दोन. समोरच्या इस्त्रीवाल्याने माझी शिडी नेली ती परत आणली नाही. ती आता त्याचीच. आणखी काही मागायला येऊ नये.

कलम तीन. खालची शिवणखोली, मशिनी, कपाट, कापायचे टेबल. इथे भांडण होणार, म्हणून नीट लिहिते. मुलाला ती खोली मोबाईलच्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे. धाकट्या जावेला वाटते वर्ग तिला मिळेल. वाटण्यात गैर नाही. तिच्यासारखी सरळ कात्री मला कधी जमली नाही, आणि शाळा सुटल्यावर मुली येतात त्यांना कापणे तीच शिकवते.

तरी खोली आणि वर्ग जावेला नाही. माझी जुनी विद्यार्थिनी, जिला सगळे वटवटी म्हणतात आणि जी आता माझ्यासोबत शिकवते, तिला. का ते सांगते.

गेल्या महिन्यात वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीने, कोणी न सांगता, मदत म्हणून डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या बाह्या कापल्या. दुसऱ्या बाहीला मापाचा कागद उलटायचा असतो, तो उलटला नाही. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. मुली खो खो हसल्या. एक म्हणाली, "अगं, बाईंचा उजवा हात तू घरी नेलास का?" जाऊ म्हणाली, "आईला बोलावून आण. कापड भरून द्यायला सांग." पोर टेबलाखाली शिरली ती बाहेर येईना. मी कान धरून ओढायला निघाले होते. असल्या नाटकांना मला वेळ नसतो.

वटवटी हातातले काज करायचे काम घेऊन टेबलाखाली जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदा गप्प. बऱ्याच वेळाने पोरीनेच विचारले, "ताई, दिसतंय का इथं?"

"कुठलं दिसतंय. सुई ओवून देतेस?"

पोर सुई ओवून द्यायला लागली. मग जी हात घरी नेल्याचे बोलली होती, तीच आपले काम घेऊन खाली शिरली. "सरक की जरा," म्हणाली. मग आणखी दोघी. जाऊ म्हणाली, "जाऊबाई, हा वर्ग आहे का लपाछपी?" मी म्हटले, "बघू."

डॉक्टरीणबाईंना वटवटीच सांगायला गेली. बोलणी खाऊन आली. कोट उरलेल्या कापडाचा जोड देऊन केला. जोड दिसतो.

मला ते आवडले म्हणून मी लगेच नियम केला: जिचे चुकेल तिच्याशेजारी सगळ्यांनी जाऊन बसायचे. दोन दिवसांत पोरी मुद्दाम चुकायला लागल्या. नियम मोडीत काढला. माझ्यामागे असला नियम कोणी करू नये. असे जाऊन बसणे आपणहून येते, आणि आले की त्याला जागा करून देणारे माणूस खोलीत असावे लागते. वटवटी तशी आहे. कापणे तिचे बेताचेच.

कलम चार. तिने वर्ग बंद केला तर खोली मुलाची, मग त्याने हवे ते दुकान आणावे.

कलम पाच. जावेला या कागदातून काही नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले, आणि साक्षीला मला तीच हवी होती. मोठी कात्री आज सकाळी तिच्या हातात दिली आहे.

तिने हे सगळे वाचले. तिसरे कलम परत वाचले. म्हणाली, "मग कापणं कोण शिकवणार?"

मी म्हटले, "मला काय विचारतेस, मी मेलेली असेन. वटवटीला विचार."

ती जिना उतरून खाली गेली. बऱ्याच वेळाने वर आली. एवढेच म्हणाली, "कापणं माझ्याकडे." पेन मागितले आणि सही केली.

लिहून ठेवणारीची सही
साक्षीदार: धाकटी जाऊ (सही)
साक्षीदार: गल्लीचा पोस्टमन (सही, न वाचता)
ठिकाण: राहते घर, वरचा मजला
दिनांक: १२ फेब्रुवारी, सोमवार