लहान आत, मोठं बाहेर

आबा, मागच्या आठवड्यात तुमच्या पणतीला घेऊन मोरगावला गेलो होतो. ती आता पाच वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिची आई, म्हणजे माझी लेक, बरोबर होती. दर्शन झालं, नारळ फोडला, पेढ्यांचा पुडा घेतला, आणि परत येताना बारामतीच्या अलीकडं जे नवीन खेळण्यांचं पार्क झालं आहे तिथं पोरीनं गाडी थांबवायला लावली. मला जायचं नव्हतं. गरगर फिरणाऱ्या लोखंडावर माझा विश्वास नाही. का नाही, ते तुम्हाला ठाऊक होतं, पण त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता बोलतो.

आत शिरल्यापासून मी सगळ्याकडं संशयानंच बघत होतो. बोल्टाला नवा रंग दिसला की मला वाटतं, खाली गंज असणार. एमआयडीसीतल्या डेअरीत इतकी वर्षं काढल्यावर एक मत मनात पक्कं झालं आहे, की सूचनेची पाटी आधी लागत नाही. कुणाचं तरी बोट सापडतं, मग ती लागते. त्यामुळं पाटी दिसली की मी मजकुराच्या आधी त्या बोटाचा विचार करतो. पोरीला चक्रीत बसायचं होतं. मधे खांब, खांबाला दांडे, दांड्यांच्या टोकाला दोघं बसतील असे डबे. शेजारी उंची मोजायला जिराफाचं चित्र आणि त्याच्या बाजूला पाटी: लहान मूल मांडीवर घेऊ नये. मुलासोबत मोठी व्यक्ती असावी. मुलाने आतील बाजूस व मोठ्या व्यक्तीने बाहेरील बाजूस बसावे. एवढं वाचलं आणि आबा, या वयात माझा गाल गरम झाला.

आपल्या गावची जत्रा. मी नऊ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. चक्री बाहेरगावच्या माणसाची असते, पण ती डिझेल इंजिनावर चालते, आणि विहिरीवरचं तसलंच इंजिन तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, म्हणून तुम्ही मेंढरं राखणारे असलात तरी दरवर्षी तो तुम्हालाच बोलावतो. तुम्ही सकाळी इंजिनाला हळदकुंकू लावता, हात जोडता, आणि मग दिवसभर माणसं बसवायचं कामही तुम्हीच करता. ते काम भांडणाचं. आपल्याकडं बाया एसटीत लेकरू मांडीवर घेतात, तसंच चक्रीतही घेतात, आणि बापये लेकराला बाहेरच्या कडेला बसवतात, जत्रा दिसावी म्हणून. तुम्ही एकेकाला उठवून बसवता. त्या दिवशी सोसायटीचे चेअरमन नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही म्हणालात, "मांडीवर न्हाय, साहेब. पोरगं आतल्या अंगाला ठेवा, तुमी बाहीर बसा." ते म्हणाले, "अरं, आतनं त्याला जत्रा दिसायची कशी? तू आपली मेंढरं हाक." तुम्ही म्हणालात, "व्हय, मेंढरंच हाकतोय. सरका." माणसं हसली. चेअरमन सरकले, पण तोंड असं झालं होतं की मला तुमच्यासाठी भीती वाटली आणि तुमचा अभिमानही वाटला.

पुढच्या फेऱ्याला मी आणि धाकटी बसलो. तुम्ही इंजिनाकडं गेला होता, आमच्याकडं पाठ होती. खाली आई उभी होती. धाकटीला आई दिसावी म्हणून मी तिला बाहेर बसवलं आणि मी आत बसलो. चक्रीनं वेग घेतला. मग एकदम इंजिनाचा आवाज बसला, चक्री मंदावत थांबली, लोक ओरडायला लागले, आणि तुम्ही त्या गर्दीतून सरळ आमच्या डब्याकडं आलात. साखळी काढलीत. मला दंडाला धरून उभं केलंत आणि सगळ्या गावासमोर एक थोबाडीत दिलीत. "खाली उतर." एवढंच. धाकटीला कडेवर घेतलंत आणि गेलात. चेअरमन तिथंच उभे होते. ते हसले होते, हे मी अजून विसरलो नाही.

त्या दिवसापासून माझा एकच संशय होता. तुम्ही मला चुकीसाठी मारलं नाही, चेअरमनसाठी मारलं. मोठ्या माणसाला चारचौघांत सरकवलं, आता आपल्या पोरालाही सोडत नाही हे दाखवायला तुम्हाला कुणीतरी हवं होतं, आणि मी हाताशी होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी गोडीशेव आणलीत, कागदाचा पुडा माझ्या उशाशी ठेवलात. मी तो उघडला नाही. मला वाटलं, ही लाच आहे, स्वतःची चूक नसती तर माणूस गोडीशेव कशाला आणील? आईनं विचारल्यावर तुम्ही नुसतं म्हणालात, "चुकला म्हनून मारलं." काय चुकलं ते सांगितलं नाहीत. न सांगणाऱ्या माणसाचा मला आजही भरवसा वाटत नाही, आबा, आणि त्याचं मूळ तुम्ही आहात असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो.

तर पार्कात. पाटी वाचूनही मी नातीला घेऊन चढलो आणि मांडीवर बसवलं. चक्रीवर एक मुलगी होती, गणवेशातली, असेल पंचविशीची, बोलण्यावरून जवळपासच्या वाडीवरचीच. म्हणाली, "काका, लेकरू मांडीवर न्हाय." मी म्हणालो, "एसटीत बसतंय की." ती म्हणाली, "एसटी अशी गरागरा फिरती का, काका?" मी विचारलं, "हितं कुणाला काय झालं होतं? खरं सांगा." "काय बी झालं न्हाय." "मग पाटी कशी लागली?" लेक खालून म्हणाली, "आप्पा, तुमी काय आरटीओ हाय का? बसा गपचूप." मी नातीला खाली उतरवलं आणि म्हणालो, आधी मी एकटा बसून बघतो. दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. ती मुलगी म्हणाली, "बसू द्या, ताई. एकदा खात्री होऊ द्या त्यांची." पिशवी तेवढी खाली ठेवा म्हणाली. मी म्हणालो, देवाचा प्रसाद आहे, खाली ठेवायचा नाही.

खरं कारण वेगळं होतं. मी मुद्दाम आत बसलो, नऊ वर्षांचा असताना बसलो होतो तसा, आणि पिशवी बाहेरच्या बाजूला ठेवली, धाकटीच्या जागी. मला बघायचं होतं की काही होत नाही. काही झालं नाही, तर तुमचा नियम पोकळ होता, आणि थोबाडीत चेअरमनसाठीच होती. मनात मोरयाचं नाव घेतलं, पण आबा, प्रार्थना तुमच्या विरुद्ध होती.

चक्री हळू निघाली. मग वेग आला. मी पुढची दांडी घट्ट धरली होती, पाय रोवले होते, तरी मी बाहेर सरकायला लागलो. धक्का बसला नाही. कुणी ढकललं नाही. आपोआप, सावकाश, मी पिशवीपर्यंत गेलो आणि तिच्यावर टेकलो, आणि वेग होता तोवर टेकलेलाच राहिलो. पत्र्यात आणि माझ्या मांडीत पेढ्यांचा पुडा दबत होता, ते मला कळत होतं, आणि मला मागं येता येत नव्हतं.

तेव्हा मला तुमचा टेम्पो आठवला. मेंढरं विकायला न्यायची असली की तुम्ही मधे आडवी फळी ठोकायचा, थोरले मेंढे एकीकडं, कोकरं दुसरीकडं. मी एकदा विचारलं होतं, मेंढा कोकराला मारतो का? तुम्ही म्हणाला होतात, "मेंढा मारत न्हाय, नुसता टेकतो. वळणावर तेवढ्यानं कोकरू संपतं." म्हणजे तुम्हाला कुठल्या पाटीची गरज नव्हती. एखादं कोकरू तुम्ही कधीतरी हातानं बाहेर काढलं असणार. माणसांना तुम्ही मेंढरांसारखं हाकता म्हणून चेअरमननी टोमणा मारला, आणि तुम्ही खरंच तेवढ्याच काळजीनं हाकत होता.

मी उतरलो. पुड्याची भाकरी झाली होती. लेक हसली, ती मुलगीही हसली. "झाली खात्री, काका?" मी हो म्हणालो. मग नातीला आत बसवलं, मी बाहेर बसलो. वेग आला तशी ती सरकत माझ्याकडं आली, तिचं सगळं वजन माझ्यावर आलं, आणि ते काहीच नव्हतं. ती सारखी हसत होती. चेपलेले पेढे आम्ही तिथंच बाकावर बसून खाल्ले, प्रसाद टाकायचा नसतो म्हणून.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्यावरचा संशय गेला तो मोकळा राहिला नाही, दुसरीकडं जाऊन बसला. जो माणूस इतकी वर्षं बापाला तपासत होता, त्यानं स्वतःला का नाही तपासलं? मला कळलं नव्हतं, लहान होतो, असं म्हणता येईल. तसं मी म्हणतही आलो. पण आबा, त्या दिवशी चक्रीत धाकटी रडत होती. भिऊन रडते म्हणून मी हसलो, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ती "भ्या वाटतंय" म्हणत नव्हती. ती "दादा, दुखतंय" म्हणत होती. मला स्वच्छ ऐकू आलं होतं. मला मजा येत होती, आणि मी दांडी धरून मागं व्हायचा प्रयत्नही केला नाही. नंतर तिच्या दंडावर काळानिळा वळ दिसला तेव्हा आईला मी सांगितलं की ती देवळाच्या पायरीवर पडली. तुम्ही दारात उभे होता. माझ्याकडं पाहिलंत, आणि आईला काही बोलला नाहीत. गोडीशेव त्यानंतर आली.

धाकटी आता इंदापुरात असते. तिला त्या दिवसाची फक्त थोबाडीत आठवते. दर भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, "माझ्यामुळं तुला मार बसला, दादा," आणि तिचे डोळे भरतात, आणि मी म्हणतो, जाऊ दे. माफ केल्यासारखं म्हणतो.

या कागदावर तुमचा पत्ता घालता येत नाही. तिचा येतो. काल तिचा फोन आला होता, पार्क कसं होतं म्हणून विचारत होती. बरं होतं म्हणालो. पेढे तेवढे चेपले म्हणालो.