भुजंगाची साक्ष

पुणे, २४ जानेवारी १९९४

प्रिय दादा,

कंबोडियाहून येऊन दोन महिने झाले, तरी तुला नीट लिहिलं नाही. भुजंगानं तिकडं शांतता आणली, असं तू गावभर सांगत असतोस. ते आता बंद कर.

आमच्या शांतिसेनेच्या फौजी दवाखान्यात सोखा नावाची बाई होती. शेतात पेरलेल्या सुरुंगानं तिचा पाय गेला होता. एक दिवस विहाराच्या अंगणात मोठे साहेब आले, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी हात मिळवले, फोटो निघाले. सोखा कुबडीवर उठली आणि तिनं काहीतरी विचारलं. दुभाष्यानं सांगितलं, "बाई आभार मानतेय." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढं तिची पट्टी बदलताना तोच दुभाषा मला म्हणाला, तिनं विचारलं होतं, माझ्या शेतात सुरुंग कोणी पेरला? असलं काही साहेबांपर्यंत न्यायचं नाही, असा त्याला हुकूम होता. मग निवडणूक झाली. हरलेले अडून बसले, तर त्यांनाही गादी दिली. एका देशाला दोन पंतप्रधान! शांतता झाली म्हणत आम्ही सामान बांधलं. सोखाला उत्तर कोणीच दिलं नाही.

माझं डोकं भणभणलं ते तिच्यापायी, आणि दगडाबाईपायीही. अठ्ठ्याहत्तरची आपल्या चावडीतली बैठक आठव. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत तिचं घर जाळलं होतं. विझवताना तिच्या नवऱ्याचे, तात्यारावाचे हात भाजले, ते पुन्हा औताला लागले नाहीत. तालुक्याचे साहेब चहा पीत होते. दगडाबाई उभी राहून म्हणाली, "आदी घर कुनी जाळलं ते लिवा, मंग शांतता करा." आपले आबा खेकसले, "मागचं उकरू नगंस. गावाला शांतता पायजे." आणि कागदावर लिहिलं गेलं, कोणाचीही तक्रार नाही. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. वीस वर्षांचा होतो, लहान नव्हतो. ही कसली शांतता रे? मार खाल्लेल्यानं गप्प बसायचं आणि मारणाऱ्यानं अध्यक्ष व्हायचं!

आता विद्यापीठाचा नामविस्तार झाला, गावात पुन्हा कुजबूज आहे, म्हणून शांतता समितीचा अध्यक्ष हो, शांतिसेनेची निळी टोपी घालून ये, असं तू लिहिलंस. अध्यक्ष म्हणून मी येणार नाही. सुट्टी मंजूर झालीय. येत्या सोमवारी जिंतूरला उतरून आधी दगडाबाईच्या लेकीकडं जाईन, दगडाबाई हल्ली तिथंच असते. तिला सांगेन, ती सही खोटी होती. त्या दुपारी रॉकेलचा डबा कोणाच्या हातात होता, ते मी गोठ्याच्या दारातून पाहिलंय. मग तिच्यासोबत ठाण्यात जाईन. दादा, तू मला खांद्यावर बसवून पोखर्णीच्या जत्रेला नेलंस, म्हणूनच हे आधी तुला कळवतोय. सोमवारला अजून सात दिवस आहेत. तुझं नाव तिनं माझ्याकडून ऐकण्याआधी तू स्वतः जाऊन तिला सांग.

तुझाच,
भुजंग