लाँचीचा शास्त्रोक्त अभिषेक

१२ ऑक्टोबर १९५६
सोमवारी जमालच्या मुलीचा, आसियाचा निकाह. नवरदेवाची वरात भाट्याहून खाडी ओलांडून अकराच्या आत राजिवड्यास आणण्याचे काम माझ्या नव्या डिझेल लाँचीकडे. अकरा वाजता काजीसाहेब एस.टी.ने पालीच्या निकाहास निघणार. जमालने विचारले, "काय ओ प्रोफेसर, जोडीला माझा वल्ह्यांचा मचवा ठेवू?" पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला, तोही संस्कृतचा एम.ए., असे विचारतात. लाँच आजच भाट्यास नेऊन बांधली.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
यंत्रपूजा. भटजी फुलाने चार थेंब उडवून मोकळे होत होते. मी थांबविले. अभिषेक मस्तकावर, आणि तोही संततधार. इंजिनाचे मस्तक म्हणजे हवा ओढून घेणारे वरचे तोंड. त्यावरील जाळी काल घासण्यास काढली होती, हे बरेच झाले. कुंकवाचे पाणी, तीन घागरी. एक थेंब बाहेर सांडला नाही. खलाशी हरिश्चंद्र म्हणाला, "पाणी गेला खंय?" श्रद्धाहीन प्रश्न.

१४ ऑक्टोबर
दसरा. पूजिलेले यंत्र आज चालवू नये. विश्रांती.

१५ ऑक्टोबर, सकाळ
वऱ्हाडी चढले. हँडल अर्धा फेरा फिरून थांबले. उत्तम यंत्रे प्रारंभी ताठरच असतात. हँडलला लोखंडी पाइप जोडून चौघे लावले. आतून कट्ट असा आवाज आला. अडथळा दूर झाल्याचे मी जाहीर केले. त्यानंतर काहीच हलेना.
हरिश्चंद्राने वल्ही आणली. लाँचीस वल्ही हा अपमान आहे, असे बजावले. नवरदेवाचे चुलते गुलाम रसूल म्हणाले, "अपमान मागाहून करून घेऊ, आधी काजी गाठू." इंजिनाचे वजन फार. शेवटी नवरदेवानेही सेहरा मागे सारून वल्हे धरले. काजीसाहेबांना एस.टी.च्या पायरीवरून उतरविण्यात आले. निकाह लागला. माझे वचन पाळले गेले.

सायंकाळी
इंजीन उघडले. कनेक्टिंग रॉड वाकलेला. सिलिंडरमध्ये तांबूस पाणी आणि झेंडूची पाकळी. परदेशी कारखान्याचा हा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. तक्रारीचा मसुदा केला. भाषा कठोर, पण निर्दोष.

१६ ऑक्टोबर
आसियाची पाठवणी. लाँचीस तोरण बांधून धक्क्यावर उभा राहिलो. सर्वजण जमालच्या मचव्यात बसले. आसियाची आई हमिदा रडता रडता म्हणाली, "या प्रोफेसर, एक वल्हा रिकामा हाय."
गेलो. वल्हविण्याची माझी पद्धत त्यांच्याहून अधिक शास्त्रशुद्ध आहे. मात्र मचवा एकाच जागी गोल फिरू लागल्यावर मला मधोमध, सामानात बसविण्यात आले. बिर्याणीची देग भाट्यापर्यंत मांडीवर होती. कलंडली नाही.