ठोंब्याची गोळी आणि तेलाचे थेंब

३ मार्च, मंगळवार
ठोंब्याचा मोडलेला पाय काही जुळत नाही! कुत्र्यांच्या डॉक्टरने आज परत रक्त काढलं. डी व्हिटॅमिन तळाला गेलंय म्हणे. "आजी, महिनाभर गोळी चालू आहे, काडीचा फरक नाही. पुढच्या वेळीही असंच आलं तर पाय उघडून सळई घालावी लागेल." एवढं म्हातारं कुत्रं, भुलीतून उठायचं नाही. तो बोलला नाही, पण मला कळलं.

आता गोळी बंद. तेलातले थेंब. "तेलातलं अंगी लागतं, आजी." लागत असेल! बाटली त्याच्याच कपाटातून निघाली, हेही मी पाहिलं.

४ मार्च, बुधवार
गोळी काय न् थेंब काय, औषध एकच ना? मग एक लागतं आणि एक लागत नाही, हे कसं? कुठंतरी पाणी मुरतंय.

गोळ्या आणल्या सुनेनं. रोज एक काढून यांच्या हातावर ठेवायची, हे अंगणात ऊन खात ठोंब्याला भरवायचे. सुनेला कुत्र्याचं वावडं — केस पडतात! स्वस्तातलं काहीतरी आणलं असणार. विचारलं तर म्हणते, "आई, पाकीट तुमच्यासमोरच फोडलं की." फोडलं. आत काय होतं कुणी बघितलंय!

८ मार्च, रविवार
थेंब मीच देते, थेट जिभेवर. भांड्यात टाकले तर निम्मं तेल भांडंच पितं. सुनेला बाटलीला हात लावू देत नाही. "मग कुलूपच लावा," म्हणाली. लावलं.

हे मात्र तोंड पाडून बसलेत. "गोळीच बरी होती गं." जसं काही यांनाच गिळायचंय!

२० मार्च
ठोंब्यानं बोट चावलं. म्हणजे अंगात जीव आहे मेल्याच्या.

४ एप्रिल, शनिवार
रक्तातलं डी वर आलं! सळई टळली. चारही पाय टेकून फाटकापर्यंत गेला, तिथं पोस्टमनवर भुंकला. डॉक्टर तर फुगलाय नुसता — "बघा आजी! आता मी सगळ्यांना थेंबच देणार. गोळ्या बाद!"

घरी आल्या आल्या सुनेला ऐकवलं, "कळलं ना आता, तुझ्या गोळ्यांत काय दम होता?" लेकाच्या देखतच. तिनं बॅग भरली आणि माहेरी गेली. जाऊ दे! खोटं पडलं की माणूस असंच जातं.

६ एप्रिल, सोमवार
यांच्या गुडघ्यांसाठी माणसांच्या डॉक्टरकडे. मागच्या खेपेला यांचंही डी तळालाच होतं, औषध दिलं तर घेतलं नाही. आज चांगलं वर चढलेलं. "आजोबा, नक्की घेता तरी काय?"

हे छताकडे बघत म्हणाले, "कोंबडीची चव असते हो त्या गोळीला. चघळायला बरी."

सुनेला फोन लावतेय. उचलत नाही.