मेंढीकडे जाणारं घर

माळावरून,
४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कोकरं रोगाने नाही, थंडीने गेली, हे काल गुरांच्या डॉक्टरांनी नक्की केलं. तिन्ही त्यांनी उघडून पाहिली. फुप्फुसं साफ, पोटं रिकामी. उठून आईला लुचण्याइतकीही ऊब त्यांच्या अंगात टिकली नव्हती. ओल सुकायच्या आत वारा लागला, बस्स. रोग निघाला असता तर औषध तरी घातलं असतं. वाऱ्याला काय घालू?

तू म्हणशील, मग गोठा काय शोभेला बांधलाय? गोठा खाली ओढ्याकाठी, चारा इथे वर. आणि मेंढी जिथे व्याते ती जागा सोडत नाही. तिचं ओलं पोर उचलून मी गोठ्याकडे निघालो तर ती चार पावलं मागून येते, मग वळते आणि व्यायली तिथेच हुंगत, ओरडत फिरते. पोर माझ्या हातात, आई माळावर, आणि मधे वारा. तू लहानपणी हे पाहिलेलं आहेस, पण तेव्हा माळाच्या कडेला झाडी होती. आता ती नाही.

बहुतेक मेंढ्या अजून व्यायच्या आहेत. मी ठरवलंय, हा महिना असाच गेला तर महिनाअखेरीला व्यापारी येईल त्याला सगळा कळप देऊन टाकायचा. जुळी सांभाळतील अशा आया निवडत निवडत आम्ही दोघांनी हा कळप जमवला, ते तुला ठाऊक आहे. पण खड्डे खणून खणून आता हात नको म्हणतात. तुझ्या भावजयीने हे ऐकलं आणि चुलीवरचं भांडं जरा जोरात उतरवलं.

माळावर फोन लागत नाही, म्हणून हे दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, या दिवसांत तिचा उपयोग होतो.

तुझा,
धाकटा


दुकानातून,
७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच ड्रायव्हरने मला त्यातली सगळी बातमी सांगितली. यापुढे पाकिटाला डिंक लावत जा.

व्यापाऱ्याला बोलवायची एवढी काय घाई? मी इथे ट्रकवर ताडपत्र्या शिवते, रस्त्यावर काम करणाऱ्यांना तंबू शिवून देते, आणि माझ्या भावाची कोकरं उघड्यावर गारठतात. हे ऐकून माझं काय झालं असेल? रात्री तुझं पत्र परत वाचलं तेव्हा लक्षात आलं की तू सगळा विचार उलट्या बाजूने करतोयस. मेंढी घराकडे येत नाही ना? मग घराने मेंढीकडे जावं. ती व्यायली तिथेच, तिच्यावर आणून ठेवायचं. एक-दोन दिवसांत पोरं तुरुतुरु चालायला लागली की उचलायचं आणि पुढचीकडे न्यायचं.

म्हणून एक पाल शिवलंय. वाकवलेल्या नळ्यांच्या दोन कमानी, त्यावर जाड कापड. तीन बाजू बंद, चौथी उघडी, ती वाऱ्याच्या पाठीला करायची. आईला तिथून कळप दिसला पाहिजे, नाहीतर ती घाबरून पाल डोक्यावर घेऊन पळेल, एवढं माळाचं शिक्षण मला अजून आठवतं. खाली चहूबाजूंनी रुंद झालर सोडलीय, तिच्यावर दगड ठेवायचे. दोघांनी दोन बाजूंनी धरलं की उचलतं.

माप मात्र अडलं. मेंढीला आत वळता यायला किती जागा लागते, हे इथे कोणाला विचारू? शेवटी तुझ्या दाजींना दुकानातच चार पायांवर उभं केलं आणि वळायला लावलं. ते दुसऱ्यांदा वळत असताना नेमकं गिऱ्हाईक आलं. त्यांनी तिथल्या तिथे जमिनीवर काहीतरी पडल्याचं सोंग केलं, पण त्या गिऱ्हाइकाच्या बायकोने आज सकाळी माझ्याकडे बघून जी मान हलवली, ती मी विसरणार नाही.

टीप सगळीकडे दुहेरी आहे. आणि वरून आमचं मेण. या मेणासाठी ट्रकवाले दुसरी दुकानं सोडून माझ्याकडे येतात, हे तुला माहीत आहे. त्यांना मी फक्त बाहेरून एक हात देते. तुझ्या पालाला आतून-बाहेरून दोन-दोन दिले. पाण्याचा थेंब आत गेला तर मला येऊन सांग.

भावजयीला म्हणावं, भांडी जपून. तुम्हा सगळ्यांवर जीव आहे, तो असाच राहणार.

तुझी,
ताई


माळावरून,
१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाल पोचलं. काम उत्तम आहे. कापड उत्तम, कमानी उत्तम. परवाच्या वाऱ्यात जागचं हललं नाही. पाऊसही झाला, आत थेंब नाही. दाजींच्या मापात मेंढी उत्तम बसते, त्यांना मुद्दाम कळव.

सध्या ते गुंडाळून गोठ्यात ठेवलंय. तू आता आणखी शिवायच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या मागे दुकानाचं काम असतं. बाकी ठीक. थंडी आहेच. प्रकृतीला जप आणि आमची आठवण ठेव.

तुझा,
धाकटा


दुकानातून,
१५ फेब्रुवारी

चि. सौ. भावजयीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने पाठवतेय. तुझ्या नवऱ्याने एवढ्याशा चिठ्ठीत चार वेळा उत्तम लिहिलंय. आमच्या माहेरी कोणी कधी कशाला उत्तम म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. फार खूश झाले तर बरं आहे म्हणतात. आणि ऐन थंडीत, मेंढ्या व्यायला टेकलेल्या असताना, एवढं उत्तम पाल गुंडाळून का ठेवलंय?

काय झालं ते सरळ लिही. मी शिवणारी बाई आहे, उसवून परत शिवायची मला लाज नाही. पण चूक कुठे आहे तेच कळलं नाही तर कात्री कुठे लावू? महिनाअखेर काही थांबणार नाही. उत्तराची वाट बघतेय. तुझ्यावर माझा भरवसा आहे, तो वाया घालवू नकोस.

तुझी,
वन्सं


माळावरून,
१७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण तुम्ही विचारलंत, आणि मला हा कळप जाऊ द्यायचा नाहीये, म्हणून लिहिते.

आमची चष्मेवाली, म्हणजे डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली मेंढी, पाऊस सुरू असताना व्यायली. जुळं झालं. आम्ही दोघांनी पाल उचलून तिच्यावर ठेवलं. ती मुळीच बुजली नाही, शांत उभी राहिली. मला तर तेव्हाच रडू आलं होतं. एक कोकरू तिने तिथेच चाटून सुकवलं. दुसरं धडपडत गेलं ते कडेच्या कापडाला टेकलं आणि ऊब मिळाली म्हणून तिथेच अंग घासत बसलं. नंतर आईकडे आलं तर तिने हुंगलं आणि धडक मारली. परत आलं, परत धडक. आम्ही तिला धरून ठेवलं, पोराला गवताने पुसलं, तिच्या पहिल्या कोकराला त्याच्या अंगावर चोळलं. काही उपयोग नाही. मेंढी आपलं पोर वासाने ओळखते, आणि याच्या अंगाला तुमच्या मेणाचा वास लागला होता. तिच्या लेखी ते पोर तिचं नव्हतंच.

कोकरू जिवंत आहे. माझ्याकडे बाटलीने पितं आणि माझ्या पदराला आई समजतं. पण सगळीच बाटलीवर कशी वाढवायची? यांनी त्याच दिवशी पाल गुंडाळलं. म्हणाले, ताईने बोटं दुखेपर्यंत शिवलंय, तिच्या मेणामुळे झालं हे तिला कळता कामा नये. त्यापेक्षा कळप गेलेला परवडला. वन्सं, हा वेडेपणा आहे, पण माणूस तुमचाच आहे.

खरं सांगते, घर चांगलं आहे. फक्त त्याचा वास चुकलाय. तेवढं तुमच्या हातून दुरुस्त होईल असं मला वाटतं. चुकून जास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
भावजय


दुकानातून,
२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. ते तू मिळवलेले नाहीस, तरी देतेय.

बायकोवर चिडू नकोस. तिने लिहिलं नसतं तर मी पुढच्या गाडीतून स्वतः आले असते आणि मग तुला कळलं असतं धडक कशी असते. माझं मन दुखू नये म्हणून कळप विकणार होतास? असला कसला भाऊ मला मिळाला, हे दाजींना सांगताना मला हसावं की रडावं कळेना.

दुखलं, हे खोटं कशाला सांगू? एक पूर्ण दिवस मी मेणाच्या डब्याकडे बघितलं नाही. ज्याचा मला एवढा तोरा, नेमकं तेच. आणि तेही गिऱ्हाइकाला देते त्याच्या चौपट, कारण भाऊ माझा. ट्रकला नाक नसतं, मेंढीला असतं. माळावर वाढलेल्या बाईला हे सुचू नये!

आता ऐक. गाडीतून गठ्ठा येतोय. पालं नवी आहेत, मेण फक्त बाहेरून आणि हलका हात. आतून अस्तर आहे, साध्या जाड्याभरड्या कापडाचं. खळ जाईपर्यंत नुसत्या पाण्यात धुतलंय, साबण लावलेला नाही, वाऱ्यावर वाळवलंय. उशीच्या अभ्र्यासारखं बंदांनी बांधायचं आणि सोडायचं. जास्तीची अस्तरं दिलीत. एक मेंढी उठली की तिचं अस्तर काढून पाण्यातून काढायचं आणि पुढचीला कोरडं, दुसरं घालायचं. नाहीतर एकीच्या पोराला दुसरीच्या ओल्या पोराचा वास लागेल आणि पुन्हा तोच घोळ. आल्या आल्या सगळी अस्तरं मेंढवाड्याच्या कुंपणावर टाक. कळपाला त्यावर हवं तेवढं अंग घासू दे, म्हणजे दुकानाचा वास जाऊन सगळ्यांच्या ओळखीचा कळपाचा वास लागेल.

जुनं पाल परत पाठव. आतून खरवडून बघते, नाहीच जमलं तर एखाद्या ट्रकला होईल.

आणि एक. माझ्या कामात खोट दिसली तर ती मला सांगायची. गिऱ्हाईक म्हणून तेवढा हक्क तुला आहे, भाऊ म्हणून त्याहून जास्त. राग उतरलाय, माया होती तिथेच आहे.

तुझी,
ताई


माळावरून,
२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्यापारी काल रिकाम्या गाडीने परत गेला. ड्रायव्हरने हे स्वतः पाहिलंय, म्हणजे तुला माझ्या आधी कळलं असणार. तरी माझ्या तोंडून ऐक.

तुझा गठ्ठा आला आणि दोनच दिवसांत वातावरण फिरलं. पाऊस, मग गारा, मग असा वारा की दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागत होतं. आणि मेंढ्यांनीही जणू याच मुहूर्ताची वाट बघितली होती. एक व्यायली की पाल तिच्यावर, उघडी बाजू वाऱ्याच्या पाठीला, झालरीवर दगड, आत गवत, की पुढचीकडे पळ. तुझी भावजय एका टोकाला, मी दुसऱ्या. पहिल्या मेंढीपाशी आम्ही दोघं पावसात उकिडवे बसून बघत राहिलो. तिचं कोकरू गेलं ते सरळ अस्तराला टेकलं. मग ते उठून तिच्याकडे आलं. तिने हुंगलं, एकदा, दोनदा. आणि चाटायला लागली. तुझी भावजय माझा दंड एवढा घट्ट धरून होती की अजून वळ आहे.

वारा पडल्यावर डॉक्टर आले आणि प्रत्येक पालात वाकून पाहून गेले. एक कोकरू मेलेलंच जन्मलं, त्याला कोणाचाच इलाज नव्हता असं ते म्हणाले. थंडीने एकही गेलं नाही. नंतर ते पालाची टीप बोटाने चाचपत उभे राहिले आणि विचारलं, हे कोणी केलं. मी सांगितलं, माझ्या बहिणीने. त्यांनी परत विचारलं नव्हतं, तरी मी परत सांगितलं. व्यापाऱ्यालाही सांगितलं. तो कळप बघायला आला होता, मी त्याला पालं दाखवली. मेंढी विकायची नाही म्हटल्यावर त्याने एखादं पाल तरी मिळेल का असं विचारलं, तेव्हा तुझी भावजय जी हसली ती अजून थांबलेली नाही.

आता कामाचं. येत्या रविवारी पलीकडच्या खोऱ्यातले मेंढपाळ इथे जमणार आहेत. त्यांच्या मेंढ्या उशिरा व्यातात, थंडी अजून आहे, सगळ्यांना पाल पाहिजे. मी बनवणाऱ्याला बोलावतो म्हणालो. एकाने विचारलं तो बुवा कुठला. मी म्हटलं बुवा नाही, बाई आहे, आणि रविवारी प्रश्न जपून विचारा.

तेव्हा शनिवारच्या दुधाच्या गाडीने ये. दाजींनाही आण, मापाबद्दल कोणी विचारलं तर ते समोर असलेले बरे. जाड बूट घाल. डॉक्टर म्हणतात रविवारी उत्तरेचा वारा सुटणार, म्हणजे पालाची खरी परीक्षा होईल. दोन मेंढ्या त्याच सुमाराला व्यायच्या आहेत. त्या दिवशी मी कमानीला हात लावणार नाही. एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला तुझी भावजय. तुम्ही पाल उचलून मेंढीकडे न्याल, आणि मी त्या सगळ्यांमध्ये उभा राहून बघणार.

आमच्यावर लोभ ठेवून शनिवारी ये, हीच विनंती.

तुझा,
धाकटा