छोटा डी

३ डिसें. ९४
पाचवा महिना. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. माझं रक्त निगेटिव्ह, यांचं पॉझिटिव्ह. छकुली झाली तेव्हा मला द्यायचं इंजेक्शन राहून गेलं, आता माझंच रक्त बाळाच्या जिवावर उठलंय. बाळ पॉझिटिव्ह असेल तर. निगेटिव्ह असेल तर काही धोका नाही. कसं असेल, विचारलं. "तुम्हीच शिकवता ना हे?" म्हणाल्या. शिकवते खरी. घरी येईपर्यंत एक अक्षर आठवेना.

५ डिसें.
एफ.वाय.चं प्रॅक्टिकल. शंभर पोरांची बोटं टोचली, चार निगेटिव्ह. फळ्यावर लिहिलं: आईकडून एक अक्षर, बापाकडून एक; एक जरी मोठा डी असला की पॉझिटिव्ह, दोन्ही छोटे तरच निगेटिव्ह. शंभरात चार, वर्गमूळ काढलं की पाच अक्षरांत एक छोटा डी. म्हणजे बत्तीस जण एक मोठा, एक छोटा घेऊन हिंडतायत आणि त्यांना पत्ताच नाही. एक मुलगी म्हणाली, मॅडम, दबलेला आहे तर हळूहळू संपेल ना? नाही गं बाई. दबतो, संपत नाही.

८ डिसें.
शांती नगरात भाजी घेताना उगाच सगळ्यांकडे बघत राहिले. पाववाला, वॉचमन, खालच्या गुजराती काकू. प्रत्येकाजवळ दोन अक्षरं, एखादं झाकलेलं. सगळे कसे पाण्यातून दिसावेत तसे. भाजीवाल्याने तीनदा विचारलं म्हणे, "भाभी, कितना दूँ?"
माझ्याकडून बाळाला छोटाच जाणार. यांच्याकडे आहे का? पॉझिटिव्ह लोकांत तिघांत एकाकडे. छकुली पॉझिटिव्ह निघाली हे धरलं तर पाचांत एक. असला तरी तोच बाळाला जाईल याची शक्यता निम्मी. दहात एक. रडले. वर्गाचं गणित वर्गाचं, आमचे हे एकटे त्यात कुठे बसवू...

११ डिसें.
मुर्ध्याहून यांच्या आई आल्या. रक्तगट विचारला. "मना काय म्हायत?" झालं.
दुपारी छकुलीच्या वेण्या घालताना आपणहून बोलल्या. यांच्यानंतर दोन मुलं झाली, मिठागरावर कामाला होत्या तेव्हा. दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हळदीसारखी पिवळी. गेली. इतक्या वर्षांत यांनाही माहीत नव्हतं.
मला ज्याची भीती, ते हेच. पहिला नीट, पुढची पिवळी. आई निगेटिव्ह असतील तर यांच्याकडे छोटा डी आहेच, त्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच. मग दहात एक नाही, निम्मं!
मला आनंद झाला. त्यांची दोन बाळं गेली आणि मला आनंद झाला. शी.

१४ डिसें.
भाईंदर पूर्वेच्या लॅबमधून आईंचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. हे नुसते हसत सुटले, "म्हणजे फिफ्टी-फिफ्टी?" हो. पुढच्या आठवड्यात मला परत तपासायला रक्त द्यायचंय.
आईंना नीट समजावलं. रक्त जुळलं नाही, एवढंच. दोष कुणाचाच नाही. पदराशी चाळा करत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंग माजा दूध नासका न्हवता?"
त्या दोघांतलं पहिलं गेलं तेव्हा गाव तसं म्हणायचं, म्हणे. नव्हतं हो आई, म्हटलं.
उठून गॅलरीकडे जाताना म्हणाल्या, "दुसऱ्याला मी पाजलाच न्हाय गो."
अजून गॅलरीत बसल्यात, छकुलीला जेवायला मीच वाढलं.