पलभा

इरिंजालकुडा, केरळ
२ मार्च २०२५

ती. बाबुजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग पत्र न फोडताच टीव्हीवर ठेवून द्याल, हे मला ठाऊक आहे. माझं लग्न झाल्यापासून तुम्ही फोनवर येत नाही. आई म्हणते, वावरात गेले. गेल्या दोन वर्षांत तुम्ही जेवढे वावरात गेलात तेवढे शाळेच्या नोकरीत तरी गेला होतात का? म्हणून या वेळी गणित पाठवते आहे. गणिताला तुम्ही नाही म्हणणार नाही.

मुलांसाठी त्रिकोणमितीच्या इतिहासाचं छोटं पुस्तक लिहिते आहे. पहिलं प्रकरण सोबत आहे. ग्रीकांनी वर्तुळाच्या अख्ख्या जीवा मोजून कोष्टक केलं, आर्यभटाने जीवेचा अर्धाच भाग घेतला आणि आकडेमोड हलकी केली, तिथून ती विद्या अरबांकडे गेली, असं सगळं त्यात आहे. जुन्या केरळी गणिती माधवाचं गाव इथंच आसपास असावं म्हणतात. त्याच्या अनंत श्रेणींपर्यंत मी अजून पोचलेली नाही. लाल पेन घेऊन बसा.

आणखी एक काम. २० मार्चला दिवस-रात्र सारखे. त्या दिवशी भर माध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या खुंटीची, जी सावली पडते, ती त्या गावाची पलभा. तिच्यावरून जुने लोक गावाचे अक्षांश काढत. तुम्ही लाखनीची काढा, मी इथली काढते. दोन्ही आकडे पुस्तकात घालीन.

माझी तब्येत ठीक. सहावा महिना लागला, हे आईने सांगितलं असेलच. इथंही आपल्यासारखीच रीत आहे, पहिल्या बाळंतपणाला माहेरची माणसं सातव्या महिन्यात न्यायला येतात. सासूबाई विचारतात, कधी येणार. मी विषय बदलते.

लोभ आहे हे मी धरून चालते. एकदा तुमच्या अक्षरात वाचायला मिळावा.

तुमची
गुंजन

लाखनी, जि. भंडारा
११ मार्च २०२५

चि. गुंजन हीस अ. उ. आ.

पत्र त्याच दिवशी फोडलं. टीव्ही आता भिंतीवर टांगला आहे, त्याच्यावर काही ठेवता येत नाही.

प्रकरण वाचलं. ग्रीकांचा भाग बरा. आर्यभटाचं कोष्टक पावणेचार अंशांच्या टप्प्याने चढतं, ते तू लिहिलंस, पण अर्ध्या जीवेने फायदा काय झाला ते पोराला कळेल असं लिहिलं नाहीस. दर वेळी कोन दुप्पट करा, जीवा काढा, मग तिला निम्मी करा, ही कटकट गेली. काटकोन त्रिकोण हातात आला. एवढं सरळ सांग. आणि टॅनला शेवटी दोन ओळी? अगं, तो सावलीतून आला. सूर्य किती चढला की सावली किती उरते, याची कोष्टकं लोकांनी वेळ काढायला केली, तीच त्याची सुरुवात. तुला दहावीत टॅनच चुकत होता, तो राग अजून काढतेस असं दिसतं.

पलभेचं काम करतो. बारा अंगुळांचा शंकू फार लहान, मोजताना चूक मोठी होते. मी चांगला उंच बांबू घेऊन त्याचे बारा समान भाग करीन. तूही तसंच कर.

दूध पीत जा. हे तुझी आई सांगते.

बाबुजी

लाखनी
२१ मार्च २०२५

चि. गुंजन हीस अ. उ. आ.

काल आभाळ स्वच्छ होतं. बांबूचे बारा भाग, सावली साडेचार भागांहून थोडी जास्त. घड्याळाच्या बारावर विसंबलो नाही. बांबूभोवती वर्तुळ काढलं, सकाळी सावलीचं टोक त्याला जिथे लागलं आणि दुपारनंतर जिथे लागलं त्या दोन खुणांवरून उत्तर दिशा काढली. सकाळची खूण तुझ्या आईने शेणसड्यात पुसली होती. नशिबाने मी शेजारी विटेचा तुकडा ठेवला होता.

तुझा आकडा कळव.

बाबुजी

(त्याच पाकिटात)

माझ्या गुंजाबाईला आईचे खूप खूप आशीर्वाद.

पाकीट चिकटवायच्या आधी ही चिठ्ठी आत सरकवते. काल तुझ्या बाबुजींनी अंगणाच्या मधोमध बांबू गाडला, दोरी धरून गोल फिरले, खडूने खुणा केल्या. मला मोहफुलं वाळवायलाही जागा ठेवली नाही. शेजारचा इश्वर आला आणि कशासाठी ते न विचारता मांडवाचे डेरे-खांब रोवायला खड्डा कुठे करू म्हणू लागला. त्याच्यामागून सत्यभामाबाई. तिने फाटकातूनच विचारलं, की मांडव टाकून राहिले का गुर्जी, गुंजन येऊन राहिली का बाळंतपणाले, मले काहून सांगतलं नाही. मी काय सांगू? म्हटलं, सूर्याचं काहीतरी आहे.

तुझं लग्न कोर्टात झालं, या अंगणात मांडव पडला नाही, हे सगळ्या आळीला माहीत आहे. म्हणूनच बायका एवढ्या हौसेने धावत आल्या. यांनी ऐकलं, गुंजन. सावली मोजता मोजता थांबले. संध्याकाळी इश्वर बांबू काढायला आला, तर त्याला म्हणाले, राहू दे.

मी त्यांना काही विचारत नाही. विचारलं की वावरात जातात. तू मात्र मनाला लावून घेऊ नको, पोटातल्याला लागतं.

तुझी आई
धुरपता

इरिंजालकुडा
२९ मार्च २०२५

ती. बाबुजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. इथली सावली दोन भागांहून जरा जास्त, म्हणजे तुमची सावली माझ्या दुपटीहूनही थोडी लांब. त्यावरून आपल्या दोघांत पावणेअकरा अंशांचं अंतर निघतं. उत्तर-दक्षिण धरलं तर बाराशे किलोमीटरच्या आसपास. सुधीशने बांबू धरला होता. तुम्ही सांगितलेलं वर्तुळ त्याला फार आवडलं.

आकडा काढून झाल्यावर मी खूप रडले. एवढ्या वेळा नकाशा पाहिला, पण त्या दुपारी एकाच सूर्याखाली तुम्ही तिकडे वाकून मोजत होता आणि मी इकडे, हे मनातून जाईना.

बाबुजी, आता विषय बदलत नाही. मला घरी यायचं आहे. इथं मला कुणी काही कमी करत नाही, सासूबाई हातातलं काम काढून घेतात. पण मला लाखोळीची भाजी हवी, आईच्या हातचं तेल डोक्यावर हवं, आणि तुम्ही ओसरीवर मोठ्याने पाढे म्हणत असताना मला आत पडून राहायचं आहे. डॉक्टरांनी एप्रिल संपेपर्यंतच प्रवासाला परवानगी दिली आहे. आईने बोलावलं तर मी येईन असं समजू नका. तुम्ही ये म्हटल्याशिवाय मी त्या अंगणात पाय ठेवणार नाही. हट्ट कुणाकडून आला ते आईला विचारा.

वाट पाहते आहे, एवढंच खाली लिहिते.

तुमची
गुंजन

लाखनी
६ एप्रिल २०२५

चि. सौ. गुंजन हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आकडा मी दोनदा पडताळला. बरोबर आहे. पुस्तकात घाल.

तुझं पत्र परवा आलं. काल मी आणि तुझी आई नागपूरला जाऊन तिकिटं काढून आलो. सोळा तारखेला निघतो. परतीची तिघांची आहेत, तुला खालचा बर्थ मिळाला. जावईबापूंना म्हणावं स्टेशनवर यावं, मला मल्याळम येत नाही. त्यांना रजा मिळत असेल तर त्यांनीही सोबत चालावं. बांबू धरणारा माणूस मला आवडतो. तुझी आई कालपासून काय काय बांधून राहिली, मी त्यात पडत नाही.

सत्यभामाबाईने विचारलं तेव्हा मला त्या बाईचा राग आला होता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मला तिला उत्तर द्यायचं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं. तुझी फार आठवण येते, गुंजन. घरात सांगायची सवय नाही म्हणून इथं लिहितो.

आता तुझ्या प्रकरणाबद्दल. पहिल्याच पानावर एक गोष्ट घाल, ती तुझ्याकडून राहिली आहे. चंद्रापर्यंत माणसाला दोरी नेता येत नव्हती, भरल्या नदीच्या पलीकडच्या झाडाशी जाता येत नव्हतं, म्हणून त्याने हे शास्त्र उभं केलं. जिथे जाता येत नाही तिथलं अंतर इथे बसून काढायचं, एवढ्यासाठी ते आहे. मी ते जन्मभर शिकवलं आणि दोन वर्षं तुझ्या बाबतीत तेच करत बसलो. तुझ्याकडे तर नागपूरहून गाडी जाते.

तुझे
बाबुजी